एक ‘ना’, भाराभर अर्थ

‘तू उद्या येणार ना?’ आणि ‘तो काही केल्या येईना’ या दोन वाक्यांतले ‘ना’ कानाला सारखेच लागतात. पण पहिल्याला होकार हवा आहे आणि दुसऱ्याने नकार देऊन टाकला आहे. ‘बसा ना’ म्हणताना हेच अक्षर आर्जव करते, ‘एकदा सांगितले ना!’ म्हणताना तेच करवादते, ‘मुलांना खाऊ द्या’ या वाक्यात ते निव्वळ विभक्तीचा प्रत्यय असते आणि ‘माझी ना नाही’ असे म्हटले की ते चक्क स्त्रीलिंगी नाम होऊन बसते. सेवाभावी संस्थांच्या कागदपत्रांत हमखास आढळणाऱ्या ‘ना नफा ना तोटा’ या प्रयोगात ते दोनदा येऊन दोन्ही बाजू बंद करते. वर्तमानपत्रात मंत्र्याच्या नावाआधी ‘ना.’ असे छापलेले असेल, तर तो ‘नामदार’ या उपाधीचा संक्षेप असतो आणि वरच्यांपैकी कशाशीच त्याचा संबंध नसतो. मराठी घरात वाढणारे चार वर्षांचे मूल यांतले बहुतेक ‘ना’ न अडखळता वापरते. मोठेपणी मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मात्र ते दीर्घकाळ छळतात.

एवढ्याशा अक्षरावर एवढा भार का पडतो, इतर भाषांत ते काय काय काम करते आणि दोन भाषांत ते सारखे आढळले तर त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो, हे या लेखात पाहायचे आहे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दोन भाषांतला एखादा छोटा शब्द जुळला की त्या भाषा सख्ख्या बहिणी असल्याचे जाहीर करणारे संदेश आपल्या सर्वांच्या मोबाइलवर नेमाने येत असतात. भाषांच्या नात्याच्या खटल्यात शब्द जितका छोटा, तितकी त्याची साक्ष कच्ची, असे माझे म्हणणे आहे.

मराठीतला ‘ना’ नेमका कोणता, हे त्याच्या जागेवरून ठरते. तो क्रियापदात मुरून आला की नकार होतो: ‘राहवेना’, ‘सुचेना’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. हा नकार साध्या ‘नाही’पेक्षा वेगळा आहे. ‘पाऊस थांबत नाही’ ही माहिती झाली. ‘पाऊस थांबेना’ ही तक्रार आहे, कारण तिच्यात वाट पाहून थकल्याचा भाव आपोआप येतो. हाच ‘ना’ क्रियापदापासून सुटा होऊन वाक्याच्या शेवटी गेला, की नकार गळून पडतो आणि ऐकणाऱ्याकडून दुजोरा मागणे एवढेच काम उरते. ‘तो येईना’ आणि ‘तो येईल ना’ यांत फरक केवळ एका ‘ल’चा आहे, पण अर्थ पार उलटलेला आहे. ‘थोडे का होईना’ या प्रयोगात तर गंमत अशी की रूप नकाराचे आहे आणि अर्थ होकाराचा: थोडे का होईना, झाले आहे किंवा व्हावे, असेच बोलणाऱ्याला म्हणायचे असते. व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत यांतला विभक्तीचा ‘ना’ तेवढा तक्त्यात सापडतो. बाकीच्यांची दखल ओझरतीच घेतली जाते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

जागेचे हे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. वेदांतल्या अवघड शब्दांचा उलगडा करणाऱ्या निरुक्तात यास्क सांगतो की ‘न’ हा शब्द रोजच्या भाषेत फक्त निषेधासाठी येतो, पण वेदांत तो निषेध आणि उपमा अशा दोन्ही अर्थांनी येतो. ‘नेन्द्रं देवममंसत’, म्हणजे त्यांनी इंद्राला देव मानले नाही, हा निषेध झाला. ‘दुर्मदासो न सुरायाम्’, म्हणजे सुरापानाने मत्त झालेल्यांसारखे, ही उपमा झाली. दोन्ही उदाहरणे ऋग्वेदातली आहेत आणि दोन्हींत शब्द तोच आहे. मग ओळखायचे कसे? यास्काचा नियम असा की ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ येतो आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. छोट्या शब्दाचा अर्थ त्याच्या जागेत असतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे विधान इतक्या जुन्या काळी झालेले आहे, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. संस्कृतात दीर्घ ‘ना’ हा आणखी एक स्वतंत्र शब्द आहे. ‘नृ’ या शब्दाचे प्रथमेचे एकवचन ‘ना’ असे होते आणि त्याचा अर्थ पुरुष असा आहे. ‘नर’ हा त्याचाच भाऊ.

आता हे अक्षर जगभर एवढे का आढळते, ते पाहू. ‘न’ उच्चारायला जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून हवा नाकातून सोडावी लागते आणि ‘आ’साठी तोंड नुसते उघडावे लागते, दोन्ही कृती सोप्या आहेत. नाकातून उच्चारला जाणारा एकही वर्ण नसलेल्या भाषा जगात मोजक्याच आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किनाऱ्यावरच्या माकाह आणि क्विल्यूट या मूळ रहिवाशांच्या भाषा त्यांपैकी आहेत. बाकी बहुतेक सगळीकडे ‘ना’ उच्चारता येतो, आणि जे अक्षर सहज उच्चारता येते त्याला भाषा रिकामे बसू देत नाही.

यामागे दुसरे कारणही आहे. जे शब्द वारंवार लागतात ते आखूड असतात किंवा झिजून आखूड होतात, हे जॉर्ज किंग्जली झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९३५ साली आकडेवारीने दाखवून दिले. ‘आणि’, ‘नाही’, ‘मी’, ‘हा’, ‘तो’, ‘कडे’, ‘आता’ अशा अर्थांचे शब्द प्रत्येक भाषेत दर वाक्याला लागतात, तेव्हा ते एका-दोन अक्षरांत मावणे सोयीचे असते. पण एक व्यंजन आणि एक स्वर मिळून होणारी अक्षरे मोजकी असतात. हवाईयन भाषेत व्यंजने अवघी ८ आणि ऱ्हस्व स्वर ५. म्हणजे अशी अक्षरे ४० आणि दीर्घ स्वर धरले तरी ८०. वीस व्यंजनांच्या भाषेतही त्यांची संख्या शे-दोनशेच्या घरात राहते. थोड्या जागा आणि पुष्कळ उमेदवार, अशी ही स्थिती असल्यामुळे एकेका अक्षराला अनेक कामे करावी लागतात. कोणत्या अक्षराला कोणते काम मिळेल हे मात्र ध्वनीवरून ठरत नाही. शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांच्यात मुळातला असा काही संबंध नसतो, तो केवळ समाजाने मान्य केलेला संकेत असतो, हा फेर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचा विचार १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला आणि आधुनिक भाषाशास्त्र बऱ्याच अंशी त्यावर उभे आहे.

काही भाषांनी जागेच्या या टंचाईवर सुराचा उपाय काढला आहे. थाई भाषेत ‘ना’ मधल्या सपाट सुरात म्हटले तर भाताचे शेत, उतरत्या सुरात म्हटले तर चेहरा, उंच सुरात म्हटले तर आईचे धाकटे भावंड आणि चढत्या सुरात म्हटले तर जाड. खालच्या सुरातला ‘ना’ सीताफळाच्या ‘नॉय-ना’ या थाई नावात ऐकू येतो. देवनागरीत हे पाचही आपल्याला एकसारखेच लिहावे लागतील. थाई माणसाला ते ‘कान’ आणि ‘खाण’ यांच्याइतके वेगळे वाटतात. याखेरीज वाक्याच्या शेवटी बोलणे मऊ करणारा एक ऱ्हस्व ‘न’ त्यांच्याकडे आहे आणि तो आपल्या ‘जाते हं’मधल्या ‘हं’चे किंवा ‘ये ना’मधल्या ‘ना’चे काम करतो. चिनी भाषेतही असेच आहे: सुरानुसार ‘ना’चा अर्थ ‘तो’, ‘कोणता’ किंवा ‘हातात घेणे’ असा होतो. ‘कोणता’ आणि ‘तो’ यांच्यात फक्त सुराचा फरक असल्यामुळे चिनी शिकणारे नवखे लोक प्रश्न विचारायच्या ऐवजी उत्तर देऊन बसतात.

जपानी भाषेत सूर नव्हे, तर जोडणी अर्थ फिरवते, आणि तिथला प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. खाणे या अर्थाचे क्रियापद ‘ताबेरु’. त्याच्या पूर्ण रूपाला ‘ना’ लावून ‘ताबेरु ना’ म्हटले की ‘खाऊ नकोस’ अशी दटावणी होते. त्याचे शेवटचे अक्षर काढून ‘ताबे ना’ म्हटले की ‘खा’ असा घरगुती आग्रह होतो. हा दुसरा ‘ना’ ‘नासाइ’ या आज्ञार्थी शब्दाचे झिजलेले टोक आहे आणि पहिला अगदी निराळा, जुना निषेधाचा शब्द आहे. झिजता झिजता दोघे एकाच ध्वनीवर येऊन थांबले, तरी त्यांच्या आधी क्रियापदाचे कोणते रूप येते यावरून घोटाळा टळतो. शिवाय ‘आत्सुइ ना’ म्हणजे ‘किती उकडते आहे ना’ असा तिसराही ‘ना’ तिथे आहे, आणि ‘ना’ या नामाचे ‘नाव’ आणि ‘पालेभाजी’ असे दोन अर्थ आणखी आहेत.

बाकीच्या भाषांवरून भराभर नजर टाकू. स्वाहिलीत ‘मिमि ना वेवे’ म्हणजे मी आणि तू. तिथे ‘ना’ म्हणजे आणि, सह. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ हे स्वाहिलीत ‘निना किताबू’ असे, म्हणजे शब्दशः ‘मी-सह पुस्तक’ असे सांगतात, आणि ‘निनासोमा’ म्हणजे ‘मी वाचतो आहे’ यातला ‘ना’ वर्तमानकाळ दाखवतो. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ‘ना’ म्हणजे ‘आता’ किंवा ‘झाले’: ‘कुमाइन ना आको’, माझे जेवण झाले. हवाईयनमध्ये ते अनेकवचनी नामाआधी लागणारे उपपद आहे. नायजेरियातल्या पिजिन या इंग्रजीपासून घडलेल्या मिश्र बोलीत ‘ना मी’ म्हणजे ‘तो मीच’, म्हणजे तिथे ‘ना’ हे ‘आहे’ या अर्थाने येते. आपल्या कानाला ‘नाही’ वाटणारे अक्षर तिथे ‘आहे’ सांगते.

हिब्रू भाषेपाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथला ‘ना’ मराठी माणसाला दचकवतो. हिब्रूत क्रियापदानंतर ‘ना’ लावला की विनंती होते. ‘बो ना’ म्हणजे ‘ये ना’. बायबलच्या गणना या पुस्तकात (१२:१३) मोशे आपल्या आजारी बहिणीसाठी देवाची करुणा भाकतो, ती प्रार्थना हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे: ‘एल ना रफा ना लाह’. तिचे मराठी ‘देवा ना, बरे कर ना तिला’ असे केले तर दोन्ही ‘ना’ जागच्या जागी राहतात. ११८व्या स्तोत्रात ‘होशीआ ना’, म्हणजे ‘तार ना’, अशी हाक आहे आणि तीच ग्रीकमधून फिरून जगभरच्या चर्चमध्ये ‘होसान्ना’ झाली. झावळ्यांच्या रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळी तो शब्द म्हणतात, तेव्हा त्याच्या शेपटाला आर्जवाचा ‘ना’ असतो. रायगड आणि परिसरातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. या समाजात दोन्ही ‘ना’ पिढ्यान्‌पिढ्या एका छपराखाली नांदले, आणि तरीही त्यांच्यात नाते नाही. हिब्रू सेमिटिक कुळातली, मराठी आर्यभारतीय. दोघींनी आर्जवासाठी हेच अक्षर निवडावे हा योगायोग आहे. हिब्रूत असाच लिहिला जाणारा दुसरा ‘ना’ कच्च्या मांसासाठी आहे: वल्हांडण या ज्यू सणाचे कोकरू ‘ना’ खाऊ नये, असे बायबलमधल्या निर्गमच्या १२व्या अध्यायात बजावले आहे. आजच्या इस्रायलमध्ये विनंतीचा ‘ना’ बोलण्यापेक्षा पाट्यांवर अधिक दिसतो. ‘कृपया धूम्रपान करू नये’ ही सूचना तिथे ‘ना’नेच सुरू होते.

सेमिटिक कुळातला एक ‘ना’ मात्र खरोखर मराठीत शिरलेला आहे आणि आपण त्याच्याकडे कधी लक्ष दिलेले नसते. अरबीत नामाला ‘ना’ जोडला की ‘आमचा’ असा अर्थ होतो. मौला म्हणजे स्वामी. ‘मौलाना’ म्हणजे आमचे स्वामी. मुंबईत ज्यांचे मुख्यालय आहे त्या दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंना ‘सय्यदना’ म्हणतात, तेही याच घडणीने. म्हणजे ‘मौलाना नाराज’ असा मथळा वर्तमानपत्रात आला तर त्यातला पहिला ‘ना’ अरबी आणि दुसरा फारसी असतो. हा फारसी ‘ना’ आपण उपसर्ग म्हणून घेतला: नाराज, नापसंत, नालायक, नामंजूर. पुढे तो इतका मुरला की त्याला फारसी शब्दच लागतो असे राहिले नाही. ‘पीक’ या संस्कृतातून आलेल्या मराठी शब्दाला तो लागला आणि ‘नापीक’ जमीन झाली. इंग्रजी ‘पास’ला लागला आणि ‘नापास’ झाला. क्रिकेटच्या समालोचनातला ‘नाबाद’ही याच कारखान्यातला. दुसऱ्या भाषेचा उपसर्ग तिसऱ्या भाषेच्या शब्दाला लावून आपला म्हणून वापरणे, हे भाषेच्या आरोग्याचे लक्षण आहे. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी ‘अनुत्तीर्ण’ सुचवला, पण शाळेच्या पटांगणात ‘नापास’च टिकला.

वरच्या उदाहरणांवरून लक्षात येईल की दोन भाषांत एखादा शब्द सारखा दिसण्याची कारणे तीन असू शकतात. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेतून निघाल्या असतील, एकीने दुसरीकडून शब्द उचलला असेल किंवा तो शुद्ध योगायोग असेल. फारसीतला नकाराचा ‘न’ आणि संस्कृतातला ‘न’ हे पहिल्या प्रकारचे आहेत. रशियन ‘न्ये’, लॅटिन ‘ने’ आणि इंग्रजी ‘नो’ही त्याच घरातले. हे नाते नुसत्या कानाने ठरवलेले नाही. कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांनी क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपे यांच्यातल्या सारखेपणावर भर दिला होता. पुढच्या अभ्यासकांनी याला आणखी काटेकोर कसोटी लावली: एका भाषेतला ध्वनी दुसऱ्या भाषेतल्या ठरावीक ध्वनीशी ओळीने जुळला पाहिजे. संस्कृत नाम आणि इंग्रजी नेम, नासा आणि नोज, नख आणि नेल, नक्त आणि नाइट, नव म्हणजे नऊ आणि नाइन, नव म्हणजे नवा आणि न्यू. या रांगेत प्रत्येक ठिकाणी ‘न’ला ‘न’ मिळतो, म्हणून ‘न’ आणि ‘नो’ यांचे नाते ग्राह्य ठरते. जपानीतही ‘ना’ म्हणजे नाव आहे आणि ‘नामाए’ हा त्याचा नेहमीचा शब्द ‘नाम’सारखाच वाटतो. पण त्याच्यामागे अशी रांग नाही. जपानी नाकाला ‘हाना’ आणि रात्रीला ‘योरु’ म्हणतात.

गोव्यात या तीन कारणांची गुंतागुंत एकाच ठिकाणी पाहायला मिळते. कोकणीत ‘ना’ म्हणजे नाही: ‘ताका वेळ ना’, ‘तो येना’. मराठीतल्या ‘येईना’त असलेली हताशा कोकणी ‘येना’त नाही, तिथे ते वर्तमानकाळाचे साधे नकारार्थी रूप आहे. १५१० ते १९६१ या काळात या कोकणीच्या शेजारी राज्यकर्त्यांची पोर्तुगीज होती आणि तिच्यातही ‘ना’ आहे. ‘ना ईंदिआ’ म्हणजे भारतात. पण हा ‘ना’ लॅटिनमधल्या ‘इन इल्ला’, म्हणजे ‘त्या(मध्ये)’, या दोन शब्दांच्या झिजण्यातून आलेला आहे. कोकणी ‘ना’चा पोर्तुगीजमधला खरा नातलग आहे तो ‘नांव’च्या जवळपास उच्चारला जाणारा नकाराचा शब्द. म्हणजे हुबेहूब सारखे दिसणारे दोघे परके आणि वेगळे दिसणारे दोघे एका वंशाचे.

असाच प्रकार ‘ने’ या रूपाचा. गुजराती माणूस ‘आवशो ने?’ विचारतो, जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतो आणि ब्राझीलमधला माणूसही ‘ने?’ म्हणतो, तिघांचाही अर्थ आपल्या ‘ना?’सारखाच. ब्राझीलमधला ‘ने’ म्हणजे ‘नाही आहे का?’ या अर्थाच्या दोन पोर्तुगीज शब्दांचा संक्षेप. दुजोरा मागण्यासाठी नकाराचा शब्द वापरण्याची रीत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा अनेक भाषांत आहे आणि आपणही ‘छान झाले, नाही?’ म्हणतोच, तेव्हा मराठी ‘ना’ आणि गुजराती ‘ने’ याच वाटेने आले असावेत असे मानणे सयुक्तिक आहे. तसे असेल तर गुजराती आणि ब्राझीलमधला ‘ने’ दूरचे का होईना, नातलग ठरतात. जपानी ‘ने’ या कुटुंबात बसत नाही.

योगायोग इतके कसे घडतात, असा प्रश्न पडेल, तर हिशेब सोपा आहे. एका भाषेत शंभर सुटसुटीत अक्षरे आहेत असे धरू. एखाद्या अर्थासाठी दोन असंबद्ध भाषांनी नेमके तेच अक्षर निवडण्याची शक्यता शंभरात एक. असे तीस छोटे शब्द तपासले, तर निदान एक जुळण्याची शक्यता चारात एकाहून किंचित अधिक होते. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत आणि त्यांच्या जोड्या होतात जवळजवळ २ कोटी ४५ लाख. एवढ्या जोड्यांत असे मेळ लाखांनी सापडणारच. शब्द दोन अक्षरांचा झाला की हीच शक्यता दहा हजारांत एक होते, आणि म्हणून लांब शब्दाच्या साक्षीला वजन असते. तरीही लांब शब्द फसवतातच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड भागातल्या म्बाबाराम या मूळ रहिवाशांच्या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’सारखाच शब्द होता. तो इंग्रजीतून आलेला नव्हता. शेजारच्या भाषांत ‘गुदागा’ असा जो जुना शब्द आहे, तो झिजून या रूपाला पोचला होता. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक, तरीही नाते नाही.

आता त्या मोबाइलवरच्या दाव्याकडे येऊ. कोरियन भाषेत जवळच्या माणसाशी बोलताना ‘मी’ला ‘ना’ म्हणतात; कन्नडमध्ये ‘मी’ला ‘नानु’ आणि बोलण्यात ‘ना’, तमिळमध्ये ‘नान्’, आणि तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझा’. त्यात कोरियन मुले वडिलांना ‘अप्पा’ आणि आईला ‘ओम्मा’ म्हणतात, म्हणून कोरियन ही द्राविडी भाषांची बहीण आहे असा निष्कर्ष काढला जातो. हा विचार नवा नाही. कोरियात राहिलेल्या होमर हल्बर्ट या अमेरिकी शिक्षकाने १९०५ साली कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना करणारे व्याकरणच छापले होते. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत. आई-वडिलांच्या शब्दांची साक्ष आधी बाजूला काढावी लागते, कारण ओठ मिटून-उघडून निघणारे ‘म’ आणि ‘प’ हे तान्ह्या मुलाचे पहिले ध्वनी असतात आणि आई-वडील ते आपल्याला उद्देशून आहेत असे समजतात. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील. ‘ना’ची साक्ष त्याहून मजेदार पद्धतीने कोसळते. तमिळचे सर्वांत जुने काव्य पाहिले तर तिथे ‘मी’साठी रूढ शब्द ‘यान्’ आहे, जुन्या कन्नडमध्ये ‘आन्’ आणि जुन्या तेलुगूत ‘एनु’. सुरुवातीचा ‘न’ या सर्वनामांना नंतरच्या काळात चिकटला. कन्नड, तमिळ आणि तेलुगू यांचे आपसातले नाते पक्के आहे, ते शेकडो शब्द आणि नियमित ध्वनींच्या आधारावर; पण ज्या ‘न’वर कोरियनशी नाते जोडायचे, तो ‘न’ मुळात त्या जागी नव्हताच.

या सगळ्यात एक शंका उरते. निदान नकाराशी तरी ‘न’चे काही नैसर्गिक नाते नसेल ना? डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी नकारावरच्या १९१७ सालच्या अभ्यासात असे सुचवले होते की नावड दाखवताना माणूस नाक मुरडतो, आणि त्या नाक मुरडण्यातूनच ‘ने’ हा उद्गार निघाला असावा. कल्पना लोभस आहे आणि ‘नाक मुरडणे’ हा वाक्प्रचार असलेल्या आपल्या भाषेला ती पटकन पटेल. पण तमिळ ‘इल्लै’, अरबी ‘ला’, चिनी ‘बू’ आणि मलय ‘तिदाक’ यांच्यापुढे ती टिकत नाही. त्याच अभ्यासातले येस्पर्सन यांचे दुसरे निरीक्षण जास्त मोलाचे ठरले. नकाराचा छोटा शब्द वापरून वापरून ऐकू येईनासा होतो, म्हणून त्याला जोड म्हणून दुसरा शब्द येतो आणि पुढे ती जोडच नकार होऊन बसते. फ्रेंचमध्ये आधी नुसता ‘न’ होता. त्याला पाऊल या अर्थाचा ‘पा’ जोडला गेला, आणि आज बोलताना फ्रेंच लोक ‘न’ गाळून नुसता ‘पा’ म्हणतात. जे पाऊल होते ते नाही झाले.

ग्रीकमध्ये हे फार पूर्वीच घडून गेले. तिथला जुना नकाराचा शब्द ‘ऊ’ हा अशाच एका जोडशब्दाचा शिल्लक राहिलेला भाग असून त्यातला मूळ ‘ने’ गळून गेला, असे एक प्रबळ मत आहे. आजच्या ग्रीकमध्ये ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात. मोकळ्या झालेल्या ‘ने’च्या जागी मग ‘खरोखर’ या अर्थाचा ‘नाइ’ हा प्राचीन शब्द उच्चार बदलत बदलत येऊन बसला आणि ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’ झाले. सीमेपलीकडच्या बल्गेरियात मात्र जुना ‘ने’ नकाराच्या अर्थानेच टिकून आहे, आणि तिथे परंपरेने होकार देताना मान आडवी हलवतात.